मोठेपणी पुन्हा सायकलवर बसताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत असताना रोज सायकल चालवत होतो, मग सुटली, आता बसायचं म्हटलं तरी छातीत धडधडतं. असं सांगणारी माणसं चाळिशीतली असतात, तशी साठीच्या पुढचीही असतात. मोठ्या माणसांना सायकल शिकवताना हेच प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकू येतात. उत्तरांमध्ये माझा भर एका गोष्टीवर आहे: आधी थांबायला शिका. हवी तेव्हा सायकल थांबते आणि पाय जमिनीला टेकतात, याची शरीराला खात्री पटली की भीती ओसरू लागते. नुसतं 'घाबरू नकोस' म्हटल्याने कोणाचीच भीती जात नाही.

सायकल एकदा आली की माणूस विसरत नाही म्हणतात. पंचवीस वर्षांच्या खंडानंतरही हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे. तोल सांभाळणं, पेडल मारणं, वळताना अंग कलतं ठेवणं या गोष्टी आपण शब्दांत लक्षात ठेवत नाही. त्या अंगवळणी पडतात, आणि अंगवळणी पडलेलं कौशल्य मेंदूत वर्षानुवर्षं टिकतं. पण शरीर तेच राहिलेलं नसतं. वजन वाढलेलं असतं, मान पूर्वीइतकी मागे वळत नाही, दोन भिंगांचा चष्मा असेल तर खाली पाहताना जमीन जवळ-लांब भासते. सायकलही वेगळी असते. सरळ बसून चालवायच्या जुन्या काळ्या सायकलची सवय असलेल्या माणसाला आडव्या, रुंद हँडलच्या सायकलवर पुढे वाकून बसावं लागतं. म्हणून पहिली काही मिनिटं परकी वाटतात. त्यावरून 'मला आता येत नाही' असा निष्कर्ष काढू नका.

लहानपणी गुडघे फुटले तरी काही वाटायचं नाही. मग आता एवढी भीती का?

कारण आता हात मोडला तर काय काय अडेल हे तुम्हाला ठाऊक आहे. नोकरी, स्वयंपाक, घरातलं आजारपण, सगळं डोळ्यासमोर येतं. ही भीती वेडगळ नाही, तिला नावं ठेवू नका.

अडचण ही की भीती शरीराकडून नेमक्या चुकीच्या गोष्टी करून घेते. मुठी आवळल्या जातात, कोपरं ताठ होतात, खांदे वर चढतात, नजर पुढच्या चाकावर खिळते. आता सायकल उभी कशी राहते ते बघा. ती डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडे वळावं लागतं, म्हणजे चाकं पुन्हा तुमच्या वजनाखाली येतात. उजवीकडेही तसंच. हे बारीक वळणं सतत चालू असतं. २०११ साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी एक खास सायकल बनवली होती. तिच्यात फिरत्या चाकांमुळे मिळणारा स्थैर्याचा परिणाम मुद्दाम नाहीसा केला होता. तरीही ढकलून सोडल्यावर ती स्वाराशिवाय तोल सांभाळत पुढे गेली, कारण ज्या बाजूला ती कलायची त्या बाजूला तिचं हँडल आपोआप वळायचं. ताठ हातांनी हँडल जखडून धरलं की हे वळणंच बंद पडतं. म्हणजे पडायच्या भीतीनेच पडण्याची शक्यता वाढते. कोपरं सैल ठेवणं हा यावरचा पहिला उपाय आहे.

मग नेमकी सुरुवात कशी करू?

पेडल काढून. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी पहिली दुचाकी चालवून दाखवली तेव्हा तिला पेडलं नव्हतीच. माणूस सीटवर बसून पायांनी जमीन मागे ढकलत जायचा. तोल शिकायला हीच पद्धत आजही सगळ्यात चांगली.

पेडल काढायला १५ नंबरचा पाना लागतो. उजवं पेडल नेहमीच्या नटासारखं सुटतं, डाव्याचे आटे उलटे असतात, म्हणून ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावं लागतं. हे जमत नसेल तर कोपऱ्यावरचा सायकलवाला ते काही मिनिटांत काढून देईल. मग सीट इतकी खाली घ्या की बसल्या बसल्या दोन्ही तळपाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत, नुसते चवडे टेकून भागणार नाही.

आता सपाट, मोकळ्या जागी सीटवर बसून चाला. नुसतं चालायचं. कंटाळा येईपर्यंत चाला, कारण कंटाळा आला याचा अर्थ भीती उतरली. मग ढांगा मोठ्या टाका. दोन ढांगांच्या मधे दोन्ही पाय क्षणभर उचला आणि सायकल पुढे सरकू द्या. पाय खाली यायला लागले तर येऊ द्या. हळूहळू पाय हवेत राहण्याचा वेळ आपोआप वाढतो. अगदी किंचित उतार मिळाला तर उत्तम, पण उताराच्या शेवटी भिंत, गटार किंवा रस्ता नको.

प्रत्येक सरकण्याचा शेवट ब्रेक दाबून, पाय टेकवून करायचा. पायांनी फरफटत थांबायची सवय लावून घेऊ नका. हे सगळं सहज होऊ लागलं की पेडलं परत बसवा.

ब्रेक दाबला की पुढे फेकला जाईन असं वाटतं.

पुढचा ब्रेक एकटाच, झटक्यात, घट्ट दाबला तर ही भीती खरी आहे. म्हणून पुढचा ब्रेक वापरायचाच नाही, असं बऱ्याच जणांना लहानपणी शिकवलेलं असतं. ते अर्धवट आहे. थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे सायकल थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. नुसता मागचा दाबला तर थांबायला जास्त अंतर लागतं आणि ओल्या किंवा वाळूच्या जागी मागचं चाक घसरतं. दोन्ही एकत्र, आधी हलके मग थोडे जास्त, असे दाबा.

आधी कुठला ब्रेक कुठल्या चाकाचा ते स्वतः पाहून घ्या. सायकलच्या बाजूला उभं राहून ती हाताने ढकलत न्या आणि एक एक ब्रेक दाबून बघा. पुढचा दाबला की मागचं चाक उचलू पाहतं, मागचा दाबला की मागचं चाक अडून फरफटतं. हे हाताला कळलं की बसल्यावर घाबरायला होत नाही.

मग खडूने एक रेघ मारा आणि रेघेवर थांबायचा सराव करा. चालण्याच्या वेगात, मग थोड्या जास्त वेगात. मी नव्या माणसाला लांबवर जायला सांगायच्या आधी हा सराव भरपूर करून घेते. रेघेवर थांबता येऊ लागलं की लोकांचे खांदे खाली येतात, चेहरा सुटतो, आणि ते आपणहून 'जरा पुढे जाऊ का?' म्हणतात.

पेडल मारायला सुरुवात करतानाच सायकल वेडीवाकडी जाते. एकदा निघाल्यावर ठीक असतं.

वेग कमी असताना तोल सांभाळणं सगळ्यात अवघड असतं. ते सगळ्यांनाच अवघड जातं. म्हणून निघणं ही वेगळी कृती समजून शिका. ब्रेक दाबून उभे राहा. एक पेडल वर आणि जरासं पुढे येईल असं फिरवून ठेवा, त्यावर पाय ठेवा, दुसरा पाय जमिनीवर. नजर समोर. ब्रेक सोडा आणि वरच्या पेडलवर पूर्ण वजन टाकून एकच जोरदार पेडल मारा. त्या एका पेडलमध्ये मिळालेला वेग दुसरा पाय ठेवायला पुरतो. भीतीने अर्धवट जोर लावला तर वेगच मिळत नाही आणि सायकल डुगडुगते.

एका पायाने ढकलत जाऊन धावत्या सायकलवर टांग टाकण्याची जुनी पद्धत सुरुवातीला नको. ती नंतर आपोआप येईल, नाही आली तरी काही अडत नाही.

जो खड्डा चुकवायचा, नेमकी त्यातच जाते.

तुम्ही खड्ड्याकडे बघताय म्हणून. शरीर नजरेच्या मागे जातं. खड्डा दिसला की लगेच त्याच्या बाजूची मोकळी जागा शोधा आणि डोळे तिथे लावा. दगडाकडे, माणसाकडे, उभ्या रिक्षाकडे टक लावून बघायचं नाही. हे मैदानात दोन चपला ठेवून शिकता येतं: चपलांच्या मधून जायचं, पण बघायचं पलीकडच्या झाडाकडे.

माझा सायकलवर अपघात झाला होता. तेव्हापासून सायकलकडे बघवत नाही.

मग तुमची सुरुवात सायकलवर बसण्यापासून नाही, त्याच्याही बरीच आधी आहे. सायकल घरात किंवा पार्किंगमध्ये समोर ठेवा. तिच्यावरून फडकं फिरवा. एखाद्या दिवशी ती हातात धरून कोपऱ्यापर्यंत चालत न्या आणि चालतच परत आणा. प्रत्येक पायरीवर धडधड वाढेल. लगेच तिथून निघून न जाता थोडं थांबलात तर ती स्वतःहून उतरताना जाणवेल. ते उतरणं अनुभवलं की पुढची पायरी. टाळत राहिलं की भीती जशीच्या तशी राहते, आणि एकदम खोलात उडी मारायला लावली तर ती दुप्पट होते. घरच्यांनी 'आता किती दिवस घाबरणार?' असं म्हणणं थांबवलं तर खूप मदत होते.

अपघात झाला ती जागा सगळ्यात शेवटी. तिथे कधीच गेला नाहीत तरी चालेल.

झोपेत अपघात दिसत असेल, हॉर्न ऐकून अंग थरथरत असेल, प्रसंग मनात पुन्हा पुन्हा घडत असेल आणि महिना उलटूनही हे कमी होत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला किंवा समुपदेशकाला भेटा. अपघातानंतरच्या अशा त्रासावर चांगले उपचार आहेत. सायकल त्यानंतरही येईल.

मी ५२ वर्षांची आहे. मला सायकल कधी शिकवलीच नाही. भावाला शिकवली. आता या वयात जमेल का, आणि लोक काय म्हणतील?

जमेल, ताई. हा प्रश्न विचारणाऱ्या बायका मला इतक्या भेटतात की त्यांच्याविषयी थोडं जास्त बोलणं मला भाग वाटतं. घरात एकच सायकल होती आणि ती मुलाची होती. किंवा दहावीपर्यंत चालवली, मग 'आता मोठी झालीस' म्हणून बंद झाली. लग्नानंतर प्रश्नच आला नाही. यात तुमची भित्री वृत्ती कुठेही नाही, तुम्हाला सराव मिळू दिला गेला नाही.

तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेचा भाग म्हणून बायकांना सायकल शिकवली गेली. शीलाराणी चुंकत तेव्हा तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या अशा लाखभर ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा दांडीच्या सायकलींवर शिकल्या. त्यांच्यात लेकुरवाळ्या आणि मध्यमवयीन बायका होत्या, आणि टोमणे त्यांनाही ऐकावे लागले. त्या एकेकट्या शिकल्या नाहीत, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शेजारच्या दोघी-तिघींना बरोबर घ्या. एकीला बघून हसणारे लोक तिघींच्या वाटेला सहसा जात नाहीत.

कधीच न शिकलेल्या माणसासाठीही वरची बिनपेडलची पद्धतच आहे, फक्त तिला वेळ जास्त द्या.

नवरा मागून सीट धरतो आणि सांगतो, 'सोडणार नाही.' मग सोडतो.

त्यांना मागून धरू देऊ नका. मागून धरलेल्या सायकलवर तुमचा तोल तुम्हाला कळतच नाही, कारण तो दुसऱ्याच्या हातात असतो. आणि मोठ्या माणसाला न सांगता सोडून देणं हे विश्वास घालवणारं आहे. त्यांना समोर, पंधरा-वीस पावलांवर उभं करा. बघायला एक चेहरा मिळतो आणि नजर वर राहते. सूचनाही एकाच माणसाने द्याव्यात, एका वेळी एकच.

ॲक्टिव्हा रोज चालवते, तरी सायकलची भीती वाटते. असं कसं?

स्कूटरवर पाय खालच्या फळीवर असतात, सीट बुटकी असते आणि वेग मनगटातून मिळतो. सायकलवर तोल, जोर आणि दिशा हे तिन्ही एकाच वेळी अंगाने सांभाळायचं असतं, शिवाय सीट उंच. पण रहदारीची समज, आरशाशिवाय मागचा अंदाज, ब्रेकचा अंदाज हे सगळं तुमच्याकडे आहे. इतरांपेक्षा तुम्ही रस्त्यावर लवकर तयार व्हाल.

कुठली सायकल घेऊ?

सरावासाठी विकत घेऊच नका. पुतण्याची, शेजाऱ्याची, भाड्याची, कुठलीही चालेल, फक्त तुमच्या मानाने बुटकी हवी. मधली दांडी खाली वळवलेली असेल तर पाय उचलून टाकावा लागत नाही आणि घाबरल्यावर पटकन उतरता येतं. पुरुषांनीही 'लेडीज सायकल' म्हणून ती नाकारू नये. गिअरची गरज नाही. गिअर असतील तर मधल्या गिअरवर ठेवा आणि सराव होईपर्यंत हात लावू नका. जाड टायर खडीवर आणि खड्ड्यांत जास्त निभावतात, अगदी बारीक टायरची रेसिंग सायकल सुरुवातीला नको.

सीट कायम खाली ठेवायची नाही, हे मात्र लक्षात घ्या. खालच्या सीटवर लांब चालवलं की गुडघ्यांची पुढची बाजू दुखते. आत्मविश्वास आला की दर खेपेला एखादं बोट वर घ्या. टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली नेलं आणि पाय जेमतेम सरळ झाला, की उंची बरोबर आहे.

घरात जुनी सायकल पडून आहे. तीच वापरू का?

दुकानात दाखवून मगच. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या सायकलचे टायर बाजूने चिरलेले असतात, ब्रेकची रबरं दगडासारखी कडक होतात, केबल आतून गंजते. ओव्हरऑइलिंग (सगळे भाग खोलून, साफ करून तेल-ग्रीस घालणं) करून घ्या, चाकांचा आउट म्हणजे वाकडेपणा काढून घ्या, केबल आणि रबरं नवी टाका. टायरच्या कडेला हवेचा दाब छापलेला असतो, तेवढाच भरा. कमी हवेची सायकल जड चालते आणि दमल्यामुळेही माणूस घाबरतो.

हेल्मेट लागतंच का?

मोटर वाहन कायद्यातली हेल्मेटसक्ती सायकलला लागू नाही. तरी घाला. सायकलचंच हलकं हेल्मेट घ्या, मोटरसायकलचं नको. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर, कपाळ झाकून, आडवं बसलं पाहिजे. मागे सरकवलेलं हेल्मेट कपाळाला वाचवत नाही. पट्टे कानाखाली जुळायला हवेत आणि हनुवटीखाली एखाद-दुसरंच बोट जाईल इतके घट्ट हवेत. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदला.

साडी, ओढणी, सलवार?

ओढणी छातीवरून आडवी घेऊन कमरेला गाठ मारा, पाठीमागे टोक लोंबू देऊ नका. मागच्या चाकात ओढणी अडकण्याचे अपघात जीवघेणे असतात. पँट किंवा सलवारीचा उजवा पायचा दुमडून रबर लावा, कारण चेन त्या बाजूला असते. साडीवर चालवणाऱ्या बायका आहेत, त्यांच्या सायकलला चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असते. शिकताना मात्र सलवार-कुर्ता किंवा ट्रॅकपँट बरी. बूट घाला, स्लिपर नको.

गुडघेदुखी, मधुमेह, चक्कर असेल तर?

गुडघ्यांना सायकल सहसा चालण्यापेक्षा हलकी जाते, कारण अंगाचं वजन सीटवर असतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर उपाशीपोटी जाऊ नका, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, मान वळवल्यावर गरगरत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. चक्कर येण्याचं कारण कानातलंही असू शकतं आणि ते बऱ्याचदा बरं होतं.

सराव कुठे करायचा?

शाळेचं मैदान सुट्टीच्या दिवशी, सोसायटीतला आतला रस्ता, बाजार नसतो त्या दिवशीचं बाजार आवार. लॉनवर नको, गवतात सायकल ओढली जाते. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातले रस्ते शांत आहेत, आत जाण्याचे नियम गेटवर विचारून घ्या. मुंबईत रविवारी भल्या पहाटे मरीन ड्राइव्हवर बरेच सायकलवाले असतात, पण तिथे थांबणं पक्कं झाल्यावरच जा. गोव्यात असाल तर जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी बेटावर जाता येतं. शेतांमधून जाणारा सपाट रस्ता, गाड्या कमी, आणि फेरीत सायकल घालता येते. पुन्हा सुरुवात करणाऱ्यासाठी त्याहून सुखाची जागा मला माहीत नाही. मधल्या टेकडीची चढण मात्र पहिल्या दिवशी सोडून द्या.

रस्त्यावर कधी उतरायचं?

चार गोष्टी न डगमगता येऊ लागल्या की: ठरवलेल्या जागी थांबणं, सरळ रेषेत जात असताना मागे वळून बघणं, एक हात सोडून खूण करणं, आणि अगदी हळू चालवणं. मागे वळून बघताना सायकल त्याच बाजूला जाते, हा नव्या माणसाचा रस्त्यावरचा सगळ्यात मोठा धोका आहे. तो मैदानात घालवायचा.

रविवारी सकाळी लवकर, ओळखीच्या गल्लीतून सुरुवात करा. डावीकडून चला, पण गटाराच्या कडेला चिकटून नको. तिथे खडी, झाकणं आणि तुटलेली कड असते. उभ्या गाड्यांपासून दाराच्या रुंदीइतकं तरी लांब राहा, कारण दार कधीही उघडतं. स्पीडब्रेकर सरळ ओलांडा, तिरपा नाही. मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर उतरा आणि झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल हातात धरून जा. त्यात काहीही कमीपणा नाही, अनेक वर्षं चालवणारेही तसं करतात. बस आणि ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका, ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही.

मागून हॉर्न वाजला तर लगेच बाजूला झुकू नका. आपल्या रेषेत सरळ चालत राहा. ओव्हरटेक करणाऱ्याला तुम्ही कुठे जाणार याचा अंदाज हवा असतो. फारच दडपण आलं तर हळू करा, डावीकडे थांबा, पाय टेकवा, गाडी जाऊ द्या.

नोकरीसाठी नेदरलँड्सला आलोय. इथे सगळेच सायकलवर, आणि मी घाबरतो.

तिथल्या लोकांच्या वेगाचं दडपण घेऊ नका. परदेशातून आलेल्या मोठ्या माणसांसाठी सायकलचे वर्ग अनेक गावांत चालतात, त्यांची चौकशी करा. आपल्या सवयींपेक्षा वेगळ्या गोष्टी आधी मोकळ्या जागी अंगवळणी पाडा. वाहतूक उजव्या बाजूने आहे. अनेक साध्या सायकलींना पेडल उलटं दाबल्यावर ब्रेक लागतो, त्यामुळे आपल्या सवयीने पेडल मागे फिरवायला गेलात तर सायकल अचानक थांबते. सारखे हक्क असलेल्या, म्हणजे आधी कोणी जायचं याची पाटी, खूण किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. ट्रामचे रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडा. अंधारात पुढे-मागे दिवा सक्तीचा आहे आणि १ जुलै २०१९ पासून चालवताना फोन हातात धरायला बंदी आहे.

पडलो तर?

सरावात बहुतेक पडणं हे जवळजवळ थांबलेल्या सायकलवरून बाजूला कलंडणं असतं. सीट खाली असेल तर पाय टेकतो आणि तिथेच संपतं. हातमोजे घातले तर तळवे सोलत नाहीत. पडल्यावर लगेच उठू नका, आधी मनगट, खांदा, डोकं बघा. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा विसर पडल्यासारखं वाटलं तर सरळ दवाखान्यात जा. नुसतं खरचटलं असेल तर त्याच दिवशी थोडा वेळ तरी सायकल हातात धरून चाला, किंवा बसून पायांनी सरकवा.

पावसाळ्यात बंद पडलं आणि आता पुन्हा भीती वाटते.

खंड पडला की थोडी भीती परत येते. सीट बोटभर खाली घ्या, घराजवळ रेघेवर थांबण्याचा थोडा सराव करा आणि मग निघा. पावसाने चेन गंजली असेल तर पुसून तेल द्या आणि जास्तीचं तेल फडक्याने टिपून घ्या. ब्रेकच्या रबरांत रुतलेली खडी काढा. पाऊस चालूच असेल तर थांबायला जास्त अंतर धरा, झाकणांवर आणि झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर वळू किंवा ब्रेक दाबू नका, आणि पाणी साचलेल्या जागेतून जाऊ नका, खाली किती खोल आहे ते दिसत नाही.